उसन्या ठोक्यांची झोळी

अन्विताने प्रवासाची यादी तिसऱ्यांदा तपासली तेव्हा तिच्यात बेचाळीस वस्तू भरल्या. मिहिरने यादीकडे नुसती नजर टाकली आणि पलंगावरची काडीएवढी नळी उचलली.

"हे काय?"

"दुधाचं तापमान सांगतं."

"आणि ही दुसरी?"

"पहिली बिघडली तर."

"आणि तू बिघडलीस तर?" तो हसत म्हणाला.

अन्विता हसली नाही. तिला नेमकी तीच धास्ती होती. गोदा सात महिन्यांची, आणि मायलेकी पहिल्यांदाच एकट्या निघाल्या होत्या. पुण्याहून साताऱ्याला, तिथून कासच्या पठारावरून बामणोलीला, आणि बामणोलीहून लाँचने कोयनेचं पाणी ओलांडून पलीकडच्या निवळीला. मिहिरच्या घरची देवी तिथे डोंगरावर. घरातलं प्रत्येक बाळ वर्षाच्या आत देवीच्या पायांवर घालायचं, अशी रीत. मिहिरला सुट्टी मिळत नव्हती, सासूबाईंचे गुडघे चढ चढू देत नव्हते आणि पुढच्या महिन्यापासून अन्विताची नोकरी सुरू होणार होती. जायचं तर आत्ताच. निवळीला मिहिरचे थोरले भाऊ आणि त्यांची बायको शलाका राहत. एक रात्र त्यांच्याकडे, की परत.

"एवढी काळजी कशाला करतेस?" मिहिर म्हणाला. "झोळी आहे ना."

झोळी होती खरी. त्या वर्षांत घरात ऊबझोळी असली की बाळाला घेऊन प्रवास करायला कुणी कचरत नसे.

तिचं शास्त्र अन्विताला पाठ होतं. पोटातल्या बाळाला सर्वांत जास्त वेळ ऐकू येतं ते आईचं काळीज. ते घड्याळासारखं एकसारखं चालत नाही. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात, जिना चढताना एकमेकांवर आदळतात. हे जवळ-लांब होणं प्रत्येकीचं निराळं असतं, हस्ताक्षरासारखं, आणि बाळाला त्याची सवय जन्माआधीच लागते. हे कळल्यावर कुणीतरी असा धागा तयार केला, जो बारीकशा विजेने स्नायूसारखा आकसतो आणि सैल होतो. त्या धाग्याची मऊ गादी झोळीच्या आतल्या अंगाला लावलेली. आईने रिकामी झोळी एकवीस दिवस छातीशी बांधून घरात वावरायचं. तेवढ्यात झोळी तिचे ठोके, तिचा श्वास, तिची चाल, तिच्या अंगाची ऊब शिकून घेते. मग झोळी आजोबांच्या गळ्यात असो, शेजारणीच्या असो, बाळाला टेकून आपली आईच धडधडत राहते. लागणारी वीज उन्हातून आणि चालण्यातून मिळते.

आणि बाळं रडायची थांबली. आधी विमानांत, मग गाड्यांत, मग लग्नाच्या कार्यालयांत. एवढी, की बसमध्ये एखादं रडलंच तर माणसं माना वळवून बघत, कुठे धूर निघालाय का ते पाहावं तसं.

गोदा मात्र रडायची. झोळीत नव्हे; झोळीत ती तृप्त असायची, डोळे अर्धे मिटून, ओठांशी एक बोट. ती रडायची अन्विताने कडेवर घेतलं की. बाहेर काढलं की ओठ वाकडे, मग हुंदका, मग भोकाड. अन्विताने त्याची वहीत नोंद ठेवली होती, तारीखवार. दूध झालं, रडली. झोप झाली, रडली. झोळीत ठेवली, गप्प. सहा आठवड्यांच्या नोंदींवरून तिने मनाशी एक अनुमान काढलं होतं आणि ते कुणालाही सांगितलं नव्हतं: झोळीत जी आई आहे ती शांत आहे, आणि गोदाला ती जास्त आवडते.

झोळी नवी नव्हती. बाळाची पहिली अंगडी-टोपडी वापरलेली असावीत, ज्या घरात मूल चांगलं वाढलं त्या घरातली असावीत, यावर सासूबाई ठाम होत्या, आणि तोच नियम त्यांनी झोळीलाही लावला. सहा आठवड्यांपूर्वी निवळीहून शलाकाच्या मुक्ताची झोळी आली. मुक्ता आता सहा वर्षांची. अन्विताने झोळी तीनदा धुतली, शिवण भिंगातून पाहिली, प्रत्येक बक्कल शंभरदा लावून-काढून बघितलं. माहितीपुस्तकातलं गळफासाबद्दलचं, तापण्याबद्दलचं, भिजण्याबद्दलचं सगळं तिने अधोरेखित केलं. झोळी सुरू केल्याक्षणी तिच्या पट्टीवर 'ओळख पूर्ण' अशी अक्षरं उमटली. एवढ्या पटकन शिकली, याचं तिला कौतुक वाटलं, आणि ओळखीबद्दलची पानं तिने न वाचताच उलटली. खांद्यापाशी एक पिवळा दिवा कायम लागलेला असे. तो चार्ज होत असल्याचा, असं तिने धरून ठेवलं होतं.

साताऱ्यापर्यंत गोदाने 'ऊं' केलं नाही. शेजारच्या आजोबांनी कौतुकाने विचारलं, "किती गुणी! कुणावर गेलीय?"

"झोळीवर," अन्विताच्या तोंडून निघून गेलं. आजोबांना तो विनोद वाटला.

कासच्या पठारावर ढग रस्त्यावरच बसले होते. गाडी त्यातून हलकेच चालली होती, काचेपलीकडे काहीच नव्हतं, नुसतं पांढरं, आणि त्या पांढऱ्यात मधूनच एखादं झाड उगवायचं आणि विरघळायचं. अन्विताला वाटलं, आपणही अशाच एका मोठ्या झोळीत आहोत. कुणाच्या ठोक्यांवर चाललोय, ते तेवढं कळत नाही.

बामणोलीच्या धक्क्यावर लाँच उभी होती, छतभर सूर्यपट्ट्या पांघरून. लाँच चालवणाऱ्या मालनमावशींनी बाबागाडी, तीन पिशव्या आणि एक गुंडाळलेला पाळणा आत घेतला आणि कमरेवर हात ठेवले.

"मुक्कामाला चाललाय का बिऱ्हाड हलवताय?"

"बाळाचं सामान आहे, मावशी."

"बाळ केवढं, सामान केवढं! बरं, बाळाला हाक मारलीसा का?"

"हाक?"

"नाव घेऊन. पाणी वलांडताना आईनं बाळाला नावानं हाक मारायची, ये म्हणायचं, मागं राहू नको म्हणायचं. शरीर जातं पुढं, पण लहान जिवाचं चित्त ऱ्हातंय हितंच, पाण्यात बघत. खाली गाव हाय ना. धरणात गेलेलं."

सासूबाईंनीही हे बजावलं होतं. आजूबाजूला कॉलेजची चार मुलं फोटो काढत होती. अन्विताने मान खाली घातली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. गोदाने डोळेही उघडले नाहीत. लाँच निघाली.

मोटारीला आवाज नव्हता. पाणी हिरवं, जाड, झोपेतल्यासारखं. दोन्ही बाजूंचे डोंगर उलटे होऊन पाण्यात उतरले होते आणि लाँच त्यांच्या माथ्यांवरून जात होती. अन्विता काठावरून खाली बघत राहिली. तिला दिसू लागलं, खाली अंगणं आहेत, अंगणात दोऱ्या, दोऱ्यांवर लंगोट वाळत घातलेले, माशांच्या चालीने हलणारे. आणि एका दारात एक बाई बाळ छातीशी धरून वर बघत उभी. त्या बाईचा चेहरा दिसेना. अन्विताने गोदाच्या कपाळाला हात लावला. ऊन, मऊ, तिथेच. तरी तिला वाटत राहिलं की आपण नीट हाक मारली नाही, आणि काहीतरी मागे राहिलं.

निवळीच्या काठावर शलाका उभी होती. डोक्याला रुमाल, पायांत गमबूट, अंगाला धुराचा आणि मधाचा वास. ती गावातल्या बायकांबरोबर मधपेट्या सांभाळायची. घरात तिचं नाव निघालं की एकच गोष्ट सांगितली जाई: मुक्ताच्या वेळी शलाका किती शांत होती! हूं की चूं नाही. हे ऐकताना सगळे अन्विताकडे बघायचं टाळतात, हे तिच्या नेहमी लक्षात येई.

"आली गं माझी आजेसासू!" शलाकाने हात पुढे केले. गोदाला पणजीचं नाव ठेवल्यामुळे नात्याने हे बरोबरच होतं.

"ताई, हातांना मध नाही ना? वर्षाच्या आत बाळाला मध..."

"ठाऊक आहे गं बाई. मध विकते, तर एवढं कळतं. साबणाने दोनदा धुतलेत, वास घेऊन बघ."

"नाही, तसं नव्हतं म्हणायचं. आणि ती बाहेर काढली की रडते, म्हणून..."

शलाकाने तोवर गोदाला झोळीतून अलगद उचललंही होतं. अन्विताने श्वास रोखला. गोदाचा ओठ वाकडा झाला नाही. तिने शलाकाच्या छातीवर गाल टेकला, एकदा खोल उसासा टाकला आणि बोट ओठांशी नेलं. झोळीत न्यायची तसंच.

"कुठे रडते?" शलाका म्हणाली. "उगीच बदनाम करतेस."

चढाच्या वाटेवर शलाकाने झोळीही मागून घेतली. "आण इकडे, सवय आहे मला." तिने पट्टे खांद्यावर ओढले, गोदाला आत सरकवलं, बक्कल लावलं. खांद्यापाशी पिवळा दिवा क्षणभर विझला आणि हिरवा लागला.

अन्विता वाटेतच थांबली.

"ताई, तो हिरवा का झाला?"

"तो? ओळखीचा आहे ना." शलाका झोळीकडे बघून हसली. "अगं, अजून ओळखतेय मला! सहा वर्षं झाली." मग तिचं हसू मावळलं. "तुझ्याकडे हिरवा लागत नाही?"

अन्विताच्या डोक्यात वहीची पानं एकामागून एक उलटत होती. बेचाळीस वस्तू तिने तपासल्या होत्या. शिवण भिंगातून पाहिली होती. आणि एकवीस दिवस छातीशी बांधायची झोळी तिने एक दिवसही रिकामी बांधली नव्हती. सहा आठवडे तिने रोज तासन् तास आपली मुलगी दुसऱ्या बाईच्या काळजाशी ठेवली होती, आणि मुलीने ते पसंत केलं होतं.

दुपारी मधपेट्यांच्या बाजूला, जांभळीच्या सावलीत दोघी बसल्या. गोदा चटईवर उताणी पडून पानांतला उजेड मुठीत धरू बघत होती. मधमाश्यांची एकसुरी गुणगुण सगळ्या उतारावर पसरली होती, जणू तो डोंगरच घोरत होता. मुक्ता शाळेत गेली होती.

"पुसता येतं ते," शलाका म्हणाली. "बटण दाबून धरायचं दहा आकडे मोजेपर्यंत. मीच पुसून पाठवायला हवी होती. आईंनी घाई केली, आणि खरं सांगू, मला पुसवलं नाही."

"तुम्ही कशाला पुसाल? तुमचे ठोके तिला मानवले." अन्विताला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज कडवट निघाला. "सगळे म्हणतात तेच खरं. तुम्ही शांत होतात. माझं काळीज ऐकून ती रडते, ताई. मी रात्रंदिवस घाबरलेली असते. तिला तेच ऐकू येत असणार."

शलाकाने ती वेडी झाल्यासारखं तिच्याकडे बघितलं.

"मी? शांत?"

"सगळे म्हणतात."

"अगं, मुक्ता दिवस भरायच्या आधीच झाली, साडेसात महिन्यांत. दीड किलो. साताऱ्यात काचेच्या पेटीत ठेवलेली. ती पेटीत, आणि मी बाहेर बाकड्यावर, ही झोळी बांधून. एकवीस दिवस तिथेच झाले माझे. नर्स म्हणायची, तुमची नाडी शंभराच्या खाली येतच नाही, काहीतरी खा. मी बोलत नव्हते, कारण तोंड उघडलं असतं तर ओरडले असते. घरच्यांना ते शांत दिसलं." तिने झोळी ओढून मांडीवर घेतली. "तुला ऐकायचंय? आतली गादी कानाला लाव."

अन्विताने झोळी कानाला लावली. आधी नुसती ऊब आली. मग ठोके. धावत्या माणसाचे, डोंगर चढून आल्यावर दारात थांबलेल्या माणसाचे. मधेच एक ठोका अडखळे आणि पुढचे दोन त्याच्यावर आदळत. श्वास वरच्या वर. कुणीतरी दाराकडे डोळे लावून बसलंय, कुणीतरी पावलं वाजली की उठतंय. तिने नकळत दुसऱ्या हाताची बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली. दोन्ही जवळजवळ एकाच वेगाने पळत होते.

"हे ऐकून झोपते ती?" तिने विचारलं.

"मुक्तापण झोपायची. मलाही कळलं नाही कधी."

मग शलाकाने झोळी परत घेतली आणि आपल्या कानाशी धरली. बराच वेळ. तिचे डोळे मिटलेले होते. सहा वर्षांपूर्वीची ती बाकड्यावरची पोरगी तिला आतून ऐकू येत असावी, आणि आजची शलाका तिला सांगत असावी की मूल जगलं, मूल शाळेत जातं, तुझी मुक्ता फार बडबड करते. अन्विताने नजर वळवली आणि गोदाच्या तळव्यावर बोट ठेवलं. गोदाने ते धरलं, अन्विताकडे टक लावून पाहिलं, आणि ओठ वाकडा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीच्या पायांवर गोदाला ठेवायचं होतं तेव्हा झोळी काढावीच लागली. गार दगडावर दुपटं, दुपट्यावर गोदा. तिने समईकडे पाहिलं, गुरवाकडे पाहिलं, शेवटी अन्विताकडे पाहिलं, आणि सगळा गाभारा दणाणून सोडला. अन्विता तिला घेऊन बाहेर आली तरी रडं थांबेना. शलाकाने घेतलं, थांबलं. अन्विताने तिघींचंही सामान एकटीने उचललं आणि उतार उतरू लागली. कळलं तरी बोचायचं ते बोचतच होतं. ठोके घाबरट असोत की शांत, ते तिचे नव्हते. आणि गोदाला तेच हवे होते.

धक्क्यावर लाँच लागली होती. अन्विता आधी चढली, बाबागाडी, पिशव्या, पाळणा लावून घेतला. शलाका काठावर झोळी बांधून उभी, झोळीत गोदा. म्हणजे एका अंगाला शलाकाचं सहा वर्षांपूर्वीचं काळीज, दुसऱ्या अंगाला आजचं. तिला आणखी काय हवं असणार?

"ह्या बारीला तरी हाक मारा नीट," मालनमावशी म्हणाल्या. "काल नुसतं ओठ हलवलंसा. म्या बघितलं हुतं."

अन्विता काठाच्या दांड्याला धरून उभी राहिली. हाक मारणं अवघड नव्हतं. हाक मारली आणि गोदाने बघितलंच नाही, तर? तिला काल पाण्याखाली पाहिलेली बाई आठवली, दारात उभी, वर बघणारी, तोंड न उघडलेली. शरीर पुढे जातं, मावशी म्हणाल्या होत्या.

"गोदे!" ती म्हणाली. आवाज फाटला. तिने पुन्हा हाक दिली, मोठ्याने, पलीकडच्या डोंगराला ऐकू जाईल अशी. "गोदे, ये गं! मागे राहू नकोस!"

झोळीतलं डोकं हललं. शलाकाच्या छातीवरून गाल उचलला गेला. गोदाने मान वळवून शोधलं, काठ, पाणी, लाँच, आणि मग अन्विता सापडली. एक क्षण ती नुसतीच बघत राहिली. मग ओठ वाकडा झाला, हनुवटी थरथरली, आणि दोन्ही हात झोळीबाहेर काढून तिने असं भोकाड पसरलं की काठावरचे बगळे उडाले.

"घ्या!" शलाका बक्कल सोडत म्हणाली. "देवळापासून माझ्याकडे शहाण्यासारखी बसली होती, आणि आई दिसल्यावर बघा नाटकं."

"नाटकं कशाची?" मालनमावशींनी दोर सोडायला घेतला. "दिवसभराचं गाऱ्हाणं परक्याम्होरं कोण सांगंल? आई दिसली की फुटतं रडू. माझी थोरली लगीन झाल्यावरबी तसंच करायची, उंबऱ्यात पाय ठेवला की सुरू."

गोदा अन्विताच्या हातांत आली, ओली, लालबुंद, संतापलेली. शलाकाने झोळी पुढे केली. "दहा आकडे दाबून धर आणि पुस. आधी एकवीस दिवस रिकामी बांधायची, विसरू नको."

अन्विताने झोळीकडे पाहिलं. पट्टीवर पिवळा दिवा लागला होता.

"राहू दे, ताई. तुमचे ते दिवस आहेत आत. मुक्ता मोठी झाल्यावर तिला ऐकवा."

"आणि पुण्यापर्यंत? बसमध्ये रडेल ना ही."

"रडेल. लोक माना वळवतील."

शलाकाने डोक्याचा रुमाल सोडला, झटकला, आणि तिच्या हातात दिला. ओढणीएवढा, जुना, मऊ सुती, धुराचा वास लागलेला. अन्विताने तो खांद्यावरून घेऊन गोदाला छातीशी बांधली. पिशवीत लंगोट, पाळणा, तापमानाच्या दोन नळ्या, सगळं होतं. तिने कशालाच हात लावला नाही.

लाँच सुटली. कालचेच डोंगर, तसेच उलटे, पाण्यात उतरलेले. गोदाचं रडणं पाण्यावरून दूरवर जात होतं आणि समोरच्या कड्यावरून परत येत होतं. परत निघालेली कालचीच कॉलेजची मुलं माना वळवून बघू लागली. अन्विताचं काळीज धावत होतं, रोजच्यासारखंच, आणि गोदाचा कान नेमका त्यावरच टेकला होता. तिने वही काढली नाही. तिने मान खाली करून तोंड गोदाच्या कानापाशी नेलं.

"हो का?" ती म्हणाली. "बरं. मग? आणखी काय झालं?"

गोदा एक श्वास घ्यायला थांबली, आणि पुढचं सांगू लागली.